डाग वर आहे की आत?

प्रश्न : नमस्कार भाऊ. मी दर्यापूर तालुक्यातला शेतकरी. तीन वर्षांआधी कपाशी बरी पिकली तेव्हा जुनीच, पण नीट ठेवलेली एक लहान गाडी घेतली. तिला चंदेरी मॅगव्हील आहेत. यंदा वैशाखात पुतणीचं लग्न होतं, नवरी त्याच गाडीतून आणायची होती. म्हणून आदल्या दिवशी अकोल्याहून सामान घेऊन येताना रस्त्यातल्या एका वॉशिंग सेंटरवर गाडी धुवायला लावली. दुपारचा एक वाजला असेल. तिथल्या पोट्ट्याने चाकांवर गुलाबी पाणी मारलं. फेस आला, काळं सगळं उतरलं, आम्हीही खूश. तो मागच्या चाकांकडे गेला तोवर पुढची वाळून गेली. घरी येऊन पाहतो तर चारही चाकांवर पांढरे ओघळ, दूध सांडल्यासारखे. घरच्यांनी सांगितलं म्हणून राखेने घासले, फरक नाही. भाच्याने एका चाकाला संडास साफ करायचं ॲसिड लावून पाहिलं, तर त्यावर आता काळपट ढग आलेत. लग्नाच्या फोटोत नवरीच्या पायाशी नेमकं तेच चाक आहे. वॉशिंगवाला म्हणतो चाकं आधीपासूनच तशी होती. नव्या चार मॅगव्हीलचा भाव ऐकला आणि मुकाट्याने घरी आलो. हे डाग जातात का? आमच्या बोअरचं पाणी खारं आहे, त्याचा काही संबंध आहे का?
– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी एक विनंती. त्या चाकांना आता काहीही लावू नका. राख नको, लिंबू नको, कोणी सुचवलेलं नवं औषध तर नकोच. तुमची तीन चाकं बहुतेक वाचतील. चौथ्याला मेहनत जास्त आहे, पण तेही फेकावं लागेल असं तुमच्या वर्णनावरून वाटत नाही.

आपण मॅगव्हील म्हणतो, पण त्यात मॅग्नेशियम नावालाच असतं. बहुतेक चाकं ॲल्युमिनियमची, त्यात साधारण ७ टक्के सिलिकॉन. त्यावर प्रायमर, प्रायमरवर चंदेरी रंग आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक थर. आम्ही रंगारी त्याला नुसतं 'क्लिअर' म्हणतो. तुम्हाला जी चमक दिसते ती धातूची नसून या क्लिअरची असते, आणि तो डोक्यावरच्या केसापेक्षा जाड नसतो. म्हणून डाग दिसला की मी आधी एवढंच पाहतो : डाग क्लिअरच्या वर बसलाय, क्लिअरमध्ये शिरलाय, की क्लिअर खाऊन खालच्या ॲल्युमिनियमला लागलाय? तिघांचे उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला केला की नुकसान वाढतं. तुमच्या राखेने तेच केलं. राख खरखरीत असते आणि तिच्यात खारही असतो.

ॲल्युमिनियमचा स्वभाव घरातल्या बायकांना आम्हा गॅरेजवाल्यांपेक्षा चांगला ठाऊक आहे. जर्मनचा गंज घ्या. (बाकी महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, आणि जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम.) त्यात अंबाडीची भाजी शिजली की गंज आतून उजळतो. सोड्याचं पाणी उकळलं की काळा पडतो. आंबट आणि खार, दोन्ही या धातूला खातात. लोखंडाचं तसं नाही, ते ॲसिडने जातं पण खाराला दाद देत नाही. ॲल्युमिनियमवर हवेनेच एक अगदी पातळ पापुद्रा धरलेला असतो, तोच त्याला जपतो. कडक ॲसिड असो की कॉस्टिक, दोन्हीत तो पापुद्रा विरघळतो आणि धातू उघडा पडतो. संडासच्या ॲसिडमध्ये बहुधा १० टक्क्यांच्या आसपास हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते चिनी मातीसाठी आहे. भाच्याचा हेतू चांगला होता, पण तुमच्या चौथ्या चाकावरचे ढग त्याचेच.

आता ते गुलाबी पाणी. रंगावरून काही कळत नाही, पण इतक्या झटपट काळं उतरलं म्हणजे त्यात ॲसिड असणार. ब्रेक लावताना डिस्क आणि पॅड घासतात, लोखंडाचा बारीक चुरा तापलेलाच उडून चाकावर बसतो, तिथे गंजतो आणि क्लिअरमध्ये रुततो. साबणाने तो निघता निघत नाही. ॲसिड त्याला दोन मिनिटांत विरघळवतं, म्हणून वॉशिंगवाल्यांना ते आवडतं. ते पातळ करून, थंड चाकावर मारून लगेच धुतलं असतं तर कदाचित तुम्ही मला पत्र लिहिलं नसतं. तुमची गाडी मात्र अकोल्याकडून ब्रेक मारत आलेली, चाक तापलेलं, वर वैशाखातलं दुपारचं ऊन. त्यात ते वाळलं. वाळताना पाणी उडून जातं आणि औषध मागे राहून कडक होत जातं. ओघळाच्या खालच्या टोकाला, जिथे शेवटचा थेंब लोंबकळला असेल, तिथे डाग सगळ्यात घट्ट असेल. पाहून घ्या.

तपासणी सकाळी लवकर करा, सावलीत, चाक हाताला थंड लागत असताना. आधी भरपूर साधं पाणी. मग १ लिटर पाण्यात एक चमचा खायचा सोडा विरघळवून तो चाकावर फिरवा, सांदीकोपऱ्यात उरलेलं ॲसिड मरेल. लगेच पुन्हा धुवा. सोडा खायचाच हवा. धुण्याचा सोडा आणि पापडखार कडक असतात, ते नकोत. त्यानंतर गाडीच्या शाम्पूने स्वच्छ करून कोरडं पुसा.

मग डागावर बोटाने पाण्याचा थेंब पसरवा. ओलं असताना डाग दिसेनासा झाला आणि वाळल्यावर परत आला, तर क्लिअरचा फक्त वरचा पदर खरबरीत झालाय. ही चांगली बातमी. ओल्यातही तसाच पांढरा राहिला, तर अंगठ्याचं नख डागाच्या कडेवरून हळूच फिरवा. उंचवटा लागला तर वर काहीतरी बसलंय. नख खाली उतरलं किंवा कडेचा पापुद्रा उचलला गेला, तर क्लिअर सुटलाय. शेवटी पांढऱ्या सुती चिंधीवर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) घेऊन सहज नजरेत न येणाऱ्या डागावर दहा-बारा वेळा घासा. चिंधी काळी झाली तर तिथे उघडं ॲल्युमिनियम आहे. पांढरीच राहिली तर क्लिअर शाबूत आहे. हे मात्र नीट धुतलेल्या चाकावरच करा, नाहीतर ब्रेकची काळी पावडर चिंधीला लागेल आणि तुम्ही उगाच घाबराल.

वर बसलेला पांढरा थर असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात कापड भिजवा, दोन मिनिटं डागावर ठेवा आणि धुऊन टाका. तेही क्लिअर शाबूत असेल तिथेच. टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसले तर तो ब्रेकचा चुरा. त्यासाठी आयर्न रिमूव्हर म्हणून फवारा मिळतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो आणि लोखंड लागलं की तो जांभळा होऊन ओघळतो. त्याच्या डब्यावर 'ॲसिड नाही' असं लिहिलेलं बघून घ्या. आणि तोही चाकावर वाळू देऊ नका.

तुमच्या तीन चाकांवर बहुतेक खरबरीतपणाच असेल. त्याला मशीन लागत नाही. तळहाताएवढा तुकडा घ्या, रबिंग कंपाउंड आणि मायक्रोफायबर कापड, हाताने घासा, पुसून बघा, मग पुढचा तुकडा. एका चाकाला दीड-दोन तास धरा. तेवढ्याने हटलं नाही तर २००० नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा पॉलिश पेपर) साबणाच्या पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून ठेवा आणि बोटांच्या पेरांनी, अगदी हलक्या हाताने, आठ-दहा वेळा फिरवा. मग ३००० नंबर, मग पुन्हा कंपाउंड. घासताना निघणाऱ्या पाण्यावर डोळा ठेवा. दुधासारखं पांढरं पाणी आलं तर तो क्लिअर आहे, चालेल. त्यात राखाडी, चंदेरी झाक दिसली की हात जागच्या जागी थांबवा, तिथला क्लिअर संपला. कडांवर आणि काड्यांच्या कोपऱ्यांवर तो आधीच पातळ असतो, तिथे पेपर लावूच नका. शेवटी वॅक्सचा हात द्या.

चौथं चाक टायर उतरवून नव्याने रंगवावं लागेल. तालुक्याच्या ठिकाणचा चांगला डेंटिंग-पेंटिंगवाला हे करू शकतो. तुम्ही समोर उभे राहून चार गोष्टी पाहा. जुना रंग काढायला त्याने कॉस्टिक वापरू नये. ३२०, ४००, ६०० अशा चढत्या नंबरांनी घासून काळपट ढग मुळासकट काढावेत, वरून रंग फासून झाकू नयेत. झाकलेला डाग पुढच्या पावसाळ्यात फोड होऊन वर येतो. घासून, थिनरने पुसल्यावर चाकाला उघडा हात लावू नये, घामातलं मीठ तिथेच राहतं. आणि प्रायमर इपॉक्सी किंवा ॲल्युमिनियमला धरणारा एचिंग प्रायमर हवा. लोखंडाला लावतात तो रेड ऑक्साइड ॲल्युमिनियमला नीट धरत नाही, पापडासारखा सुटतो. हे काम मृग लागायच्या आत उरकलं तर ठीक, नाहीतर दिवाळीनंतर करा. ओल्या हवेत मारलेला क्लिअर वाळता वाळता दुधाळ होतो, मग पैसेही गेले आणि डागही परत आले.

आता जी गोष्ट सांगतो ती माझ्या हातून झालेली चूक आहे. धंद्यात तीन-चार वर्षं झाली होती. एका मास्तरांची चार चाकं मी फार जीव लावून रंगवली, रंगाचे जाड हात दिले, आत-बाहेर सगळीकडे. नट जिथे बसतात त्या खोलगट जागेवर आणि चाक हबला टेकतं त्या मागच्या सपाट भागावरसुद्धा. चार दिवसांनी मास्तर परत आले. पुढून खडखड आवाज येत होता, चाकाचे तीन नट हाताने फिरत होते. रंगाचा जाड थर दाबाने आणि उष्णतेने दबला, तेवढी फट पडली आणि नट सैल झाले. त्या चार दिवसांत त्यांची दोन्ही लेकरं त्या गाडीने शाळेत जात होती. त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून या दोन जागा चिकटपट्टीने झाकल्याशिवाय मी स्प्रे गन हातात घेत नाही. तुमच्या रंगाऱ्यालाही हे सांगा, त्याला राग आला तरी सांगा. नट एकाआड एक, चांदणीच्या आकाराने आवळायचे, आणि ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा पान्हा लावून बघायचे.

मोठ्या शहरात पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत तापवून चढवायचा पावडरचा रंग, करून देणारे आहेत. काम टिकाऊ असतं. भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, त्यावर जाऊ देऊ नका. गॅसचा टॉर्च मारून चाक तापवणाऱ्याकडून मात्र तसेच परत या. जास्त उष्णतेने ॲल्युमिनियमची ताकद जाते आणि वरून काही दिसत नाही.

खाऱ्या पाण्याचं तुम्ही बरोबर ओळखलंत. पूर्णेच्या खोऱ्यातला आपला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलाय. तिथलं बोअरचं पाणी चाकावर वाळलं की क्षार मागे राहतात. क्लिअर शाबूत असेल तर नुसतं पांढरं वर्तुळ उमटतं, पुसून जातं. क्लिअरला एकदा तडा गेला की तेच मीठ आत शिरतं आणि क्लिअरच्या खालून गांडुळाच्या वाटेसारख्या बारीक पांढऱ्या रेषा चालत जातात. त्या आल्या की पॉलिशचा उपयोग नाही. म्हणून गाडी बोअरच्या पाण्याने धुतली तरी शेवटची एक बादली नळाची नाहीतर पावसाची असू द्या, आणि चाकं लगेच कोरडी पुसा.

वॉशिंगवाल्याशी भांडून हाती काही लागेल असं मला वाटत नाही, तरी एकदा जा. तो डबा पाहायला मागा आणि वर काय लिहिलंय ते वाचा. हे चाकांसाठी नाही, त्या पोट्ट्यासाठी सांगतोय. चाकं धुण्याच्या काही औषधांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचेच क्षार असतात. ते पातळ असलं तर हाताला लागताना झोंबतही नाही. आमच्या शेजारच्या सेंटरवरचा एक मुलगा संध्याकाळपर्यंत उघड्या हातांनी चाकं धूत होता. रात्री अकराला त्याची बोटं ठणकायला लागली. वरून फोड नाही की लाली नाही, पण तो भिंतीवर हात आपटत होता. पहिल्या ठिकाणी भाजल्याचं मलम देऊन घरी पाठवलं. ते ॲसिड कातडीतून आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम ओढतं, त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल लावावा लागतो. दुसऱ्या दवाखान्यात कोणीतरी 'हाताला काय लागलं होतं' असं विचारलं, तेव्हा कुठे उपाय झाला. त्याचं एक नख गेलं. मुलगा सतरा वर्षांचा होता. असं औषध हाताला लागलं तर दुखायची वाट पाहू नका. बराच वेळ वाहत्या पाण्याखाली हात धरा आणि डब्यासकट सरळ दवाखाना गाठा. चिठ्ठी नसलेल्या बाटलीतलं औषध मी माझ्या दुकानात येऊ देत नाही.

चौथ्या चाकाचा धुतल्यानंतरचा फोटो पाठवलात तर आणखी नेमकं सांगता येईल.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, रोज स्कूटरने १४ किलोमीटर जाते. चाकांना डिझेलचा हात मारला की छान चमकतात. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा

उत्तर : नाही ताई. ती चमक तेलाची असते, तासाभरात त्यावर धूळ बसते. डिझेलने टायरचं रबर फुगतं आणि मऊ पडतं. त्याहून मोठी भीती ब्रेकची आहे. डिस्कवर किंवा ब्रेक शूवर त्याचा हात गेला तर ऐनवेळी ब्रेक लागणार नाही. डांबराचे ठिपके काढायला चिंधीच्या टोकाला थोडं रॉकेल किंवा डिझेल लावलं तर चालेल, पण फक्त रिमच्या बाहेरच्या भागावर, आणि लगेच साबणाने धुवा. आतापर्यंत लावत आला असाल तर एकदा ब्रेक उघडून तपासून घ्या, याच आठवड्यात.

प्रश्न : आमची संत्र्याची बाग आहे. बोर्डो मिश्रण फवारताना गाडी जवळ उभी होती, मॅगव्हीलवर निळसर पांढरे ठिपके पडले. महिना झाला, निघत नाहीत. एका चाकावर तर बारीक खड्डे दिसतात.
– एक वाचक, ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : दादा, बोर्डोत दोन गोष्टी असतात, चुना आणि मोरचूद. पांढरं ते चुन्याचं. ते वर सांगितलेल्या व्हिनेगर-पाण्याने निघेल, दोन-तीनदा करावं लागेल. खड्ड्यांचं कारण मोरचूद. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार. बोर्डो बनवताना तुम्ही लोखंडी विळा बुडवून बघता ना, तांबूस झाला तर चुना कमी पडला म्हणून? विळ्यावर जे तांबं चढतं तेच उघड्या ॲल्युमिनियमवर चढतं, आणि त्या तांब्याच्या शेजारचं ॲल्युमिनियम झिजत जातं. म्हणूनच मोरचूद धातूच्या भांड्यात भिजवत नाहीत. तुमच्या त्या चाकाला आधी दगडधोंड्याचे ओरखडे असतील, क्लिअर तिथेच निघालेला असेल आणि खड्डे नेमके त्याच जागी असतील. आत उरलेलं तांबं घासून काढल्याशिवाय वरून रंग मारू नका. ६०० च्या पेपरने तेवढीच जागा स्वच्छ, एकसारखी चंदेरी होईपर्यंत घासा, मग प्रायमर, रंग, क्लिअर.

पुढच्या फवारणीला गाडी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर बांधावरच्या निंबाखाली लावा. ठिपके पडलेच तर त्याच संध्याकाळी धुवा. ओले असताना ते नुसत्या पाण्याने जातात.